हल्ली सगळे कुजबुजतात

१० ऑगस्ट, रविवार

आज शब्दकट्ट्यावर माझी चिठ्ठी निघाली. शब्दकट्टा म्हणजे आम्हा बेंगळूरच्या बनशंकरीतल्या मराठी बायकांचा, आणि बायकोबरोबर ओढून आणलेल्या दोन-चार पुरुषांचा, महिन्यातून एकदा भरणारा जमाव. डब्यातून चिठ्ठी काढायची, तिच्यावर जो शब्द असेल त्यावर पुढच्या एखाद्या बैठकीत बोलायचं. ही टूम नीलिमाची. पुण्याहून काल-परवा आली आणि आम्हाला मराठी शिकवते. कानामागून आली आणि तिखट झाली. पण अळूवड्या फार चांगल्या करते, म्हणून मी जाते.

सोनमला 'डोहाळे' मिळाला, तिची चैन आहे. माझ्या चिठ्ठीवर 'कुजबुज'. सगळ्या खो खो हसल्या. माझं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं आणि मी कुजबुजीवर बोलणार! मी म्हटलं, "हसा की. बघूया शेवटी कोण हसतंय." नीलिमा चहा ओतता ओतता खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. परत विचारलं तेव्हा तोंड वर करून म्हणाली, "महानंदाताई, म्हटलं, जिथे जिथे कुजबुज दिसेल ती टिपून ठेवा. कोण, कुणाशी, कशासाठी. त्यातूनच भाषण तयार होईल."

म्हणून ही वही. नवी आहे, तेव्हा तिला माझी ओळख करून देते. मी महानंदा, मूळची निपाणीकडची, लग्न केलं नाही, त्याचं दुःखही केलं नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर उभी राहून धाकट्या भावाला शिकवलं. तो योगीराज, आमचा योगी. त्याची बायको मुग्धा पुण्याची, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी यंदा चैत्रात त्यांना मुलगी झाली. बारसं व्हायचंय, म्हणून इथल्या रीतीनं आम्ही तिला नुसतं पापू म्हणतो. मी पापूची एकुलती एक आत्या आहे, आणि हे मी रोज एकदा तरी कुणाला तरी सांगते.

१३ ऑगस्ट, बुधवार

वहीची पानं भराभरा भरतायत. अख्खं बेंगळूर कुजबुजतंय आणि माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

भाजीवाला नागराज आधी कसा खणखणीत भाव सांगायचा. आता टोमॅटो निवडता निवडता तोंडातल्या तोंडात बोलतो. मला "एष्टु? एष्टु?", म्हणजे किती, किती, करत बसावं लागतं. बँकेतली मुलगी काचेमागून नुसते ओठ हलवते. मुग्धाच्या म्हणण्याप्रमाणे परवा आम्ही दोघी जयनगरला जाताना रिक्षावाल्यानं सबंध वाटभर माझ्याशी गप्पा मारल्या. मारल्या असतील, पण मनातल्या मनात. टीव्हीवरच्या नटांनाही हल्ली घसा नाही. मी आवाज वाढवते, योगी येऊन कमी करतो, मी परत वाढवते.

नवा कुकर तर शिट्टीच देत नाही. आज डाळ करपली. योगी धावत आत आला, "अक्का, किती शिट्ट्या झाल्या!" मी म्हटलं, "एक पण नाही." तो माझ्याकडे बघतच राहिला. कुकर बदलून आण म्हणून सांगितलं त्याला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज जरा अभ्यास केला. पद्माकररावांना गाठलं. ते कट्ट्यावर बायकोबरोबर येतात, पण संस्कृत शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे वचकून असतात. ते म्हणाले, पक्षी हळू आवाजात बोलतात त्याला कूजन म्हणतात, कुजबुज त्यातून आली असेल. नसेलही. कदाचित नुसता त्या आवाजाचाच शब्द झाला असेल, जशी खुसपुस, जशी पुटपुट. इथले लोक गुजुगुजु म्हणतातच की. मला हे दुसरं पटलं. बायका कोपऱ्यात जमल्या की लांबून असंच ऐकू येतं, त्याला संस्कृत कशाला पाहिजे?

ते म्हणाले, भेद नीट बघा. पुटपुट एकट्याची असते. कुजबुज करायला दुसरं माणूस लागतं, आणि बहुधा जिच्याबद्दल चालली आहे ती तिसरी बाई जवळपास असावी लागते. मोठ्यानं बोललं तर ती बातमी, हळू बोललं तर ती कुजबुज. कानमंत्र मात्र चांगला. कान फुंकणं वाईट. सगळं तेच, फक्त कानात काय ओततो त्यावर ठरतं.

मला आमची कारखान्यातली कुजबुज आठवली. प्रेस सुरू झाल्या की स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. मग आम्ही घसा बाजूला ठेवून नुसत्या ओठांनी बोलायचो. या टोकाची मी, त्या टोकाला ठकुबाई, मध्ये धाडधाड चाललेली मशिनं, आणि आमचं सुपरवायझरच्या पोटाबद्दल बोलणं चाललेलं. त्याला काही म्हणजे काही पत्ता नाही. आवाज अडवायला कानात घालायची बोंडकी मिळायची, ती आम्ही कोटाच्या खिशात ठेवायचो. नव्या पोरी घालायच्या, त्यांना आम्ही नाजूक म्हणायचो.

संध्याकाळी ठकुबाईचाच फोन आला. ती अजून बोम्मसंद्र्यातच राहते. आजकाल नीट, स्वच्छ बोलणारी ती एकटीच उरली आहे. आमचं बोलणं झाल्यावर मुग्धा म्हणाली, "अक्का, फोन नसता तरी चाललं असतं." हिला म्हणतात पुणेरी टोमणा.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आज आरतीनंतर मी बारशाचा विषय काढला. मूल मान धरायला लागलं, आणखी किती लांबवायचं?

मुग्धानं निरांजन खाली ठेवलं. ती बोलायला लागली तर हळूच बोलते, पण आज माझ्याकडे तोंड करून बोलली म्हणून सगळं कळलं. पापू जन्मली तेव्हा दवाखान्यात सगळ्याच मुलांचे कान तपासतात तसे तिचे तपासले. मशीननं हो म्हटलं नाही. परत तपासले, परत खात्रीनं काही सांगता आलं नाही. थोडी मोठी होऊ द्या, आवाजाकडे मान वळवायला लागेल तेव्हा नीट बघू, असं त्यांनी सांगितलं. हे मला माहीत होतं. पण ते पोरीच्या आईच्या मनात असं रुतून बसलंय हे माहीत नव्हतं.

"अक्का, बारशात काय करतात? आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. सगळ्या बायका गप्प उभ्या राहतात. आणि तिला ऐकूच येत नसेल तर? मला ते बघवणार नाही. आधी तपासणी, मग बारसं."

मी म्हटलं, "अगं, पापूला सगळं कळतं. मी बोलते तेव्हा डोळे न हलवता माझ्या तोंडाकडे बघत असते."

"तेच तर," मुग्धा म्हणाली. "तोंडाकडेच बघते."

मी हात जोडले. गणपतीला म्हटलं, काय हवं ते घे, पण या लेकराचे कान दे. आणखी काही मागितलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज विचित्रच झालं. मुग्धा दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. पापू आतल्या खोलीत झोपलेली, मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मध्ये मध्ये डोकावून येत होते. पोर शांत. म्हटलं आता एवढ्या पोळ्या उरकूनच जाऊ. तेवढ्यात मुग्धा दार उघडून आली ती चपला न काढता तशीच आत धावली. मी मागोमाग गेले, तर पापू रडून लालेलाल. नेमकी आई यायच्या वेळेलाच कशी जागी झाली कोण जाणे! मुलांना आईची चाहूल लागते म्हणतात ते खोटं नाही.

वरच्या मजल्यावरच्या आजीही दाराशी उभ्या होत्या. त्या बेल दाबत होत्या म्हणे. का, ते विचारायचं राहून गेलं. या बाईंना चौकशा फार.

मुग्धा पोरीला छातीशी धरून नुसती डुलत राहिली. मी म्हटलं, "आता गप्प झाली बघ." तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पोळपाटाकडे परतले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आता जे लिहितेय ती खरी कुजबुज.

ही दोघं बाल्कनीत उभी होती, काचेचं दार लावून. मी आत धुतलेले कपडे दोरीवरून काढत होते. त्यांना वाटलं मला कळणार नाही. पण प्रेसवर जन्म काढलेल्या बाईला काचेआडून काय लपवणार? योगीचे ओठ म्हणाले, "अक्काला सांगणार कोण?" मुग्धा म्हणाली, "दुखावतील रे." मग तो म्हणाला, "पण पापूला एकटीला तिच्यापाशी ठेवायचं नाही आता." मुग्धानं मान हलवली.

आणि खरंच, मंगळवारपासून पोर माझ्याकडे एकटी नाही. मुग्धा दुकानात जाते ती पापूला घेऊन. योगी आंघोळीला जाताना तिला न्हाणीघराच्या दाराशी पाळणाखुर्चीत ठेवतो. मी घरात असताना!

मी काय केलं? पोळ्या केल्या. या मुलाला मी हातानं भरवलं, त्याच्या फीसाठी रात्रपाळ्या केल्या, आणि आता माझा हात पोरीला लागायचा नाही. मला रडू आलं, ते दोरीवरच्या त्याच्याच शर्टाला पुसलं.

ठकुबाईला फोन केला. "ये की माझ्याकडं!" ती ओरडली. "खोली रिकामीच हाय! दोघी राहू!" तिचं उत्तर बहुतेक खालच्या दुकानातही कळलं असेल.

२१ सप्टेंबर, रविवार

पिशवी काढली, भरली नाही. पापूनं सकाळी माझं बोट धरलं ते सोडेचना. बोट धरलेलं असताना कुणी घर सोडून जातं का? तपासणी होऊ दे, तिचं काय ते कळू दे, मग जाईन. कट्ट्यालाही दांडी मारली. कुजबुजीवर बोलायचा सगळा उत्साह गेलाय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते, कारण अजून माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

पापूची तपासणी. योगी म्हणाला, "अक्का, तूही चल." मला आश्चर्य वाटलं, पण गेले. कान तपासणारी रम्या नावाची मुलगी, मंड्याकडची, गालाला खळी. आधी मास्क होता तेव्हा ती काय बोलली देव जाणे. मग मास्क काढून माझ्याकडे बघून बोलली. खोलीत एकानं बाळाला मांडीवर घेऊन बसायचं, दोन्ही बाजूंच्या डब्यांतून आवाज येणार, बाळ वळतं का ते ती काचेपलीकडून बघणार. आईला बसवलं तर आई दचकते आणि बाळ आईमुळे वळतं. मुग्धा तर आधीच थरथरत होती. योगी म्हणाला, "अक्का बसेल." चार आठवड्यांनी पोर माझ्या एकटीच्या हातात आली. मला तेवढंच पुष्कळ होतं.

"अम्मा, नीवु तिरुगबारदु, सरी?" रम्या म्हणाली. आवाज आला तरी तुम्ही वळायचं नाही. मी म्हटलं, "कळलं बाई, मी दगड."

आणि मी दगडासारखी बसले. वाट बघत होते की कधी सुरू होतंय. बराच वेळ काहीच नाही. पापू आपली इकडे तिकडे बघत होती. डावीकडे वळली, तिथे डब्यावरचं ढोलकीवालं माकड दिवा लागून हललं. मग जरा वेळानं उजवीकडे. मला वाटलं, माकडाच्या नादी लागली आहे, आता खऱ्या तपासणीच्या वेळी कंटाळेल. परत डावीकडे. परत उजवीकडे. काचेपलीकडे बघितलं तर मुग्धा दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती.

म्हटलं, संपलं. मशीन लावूनसुद्धा बघितलं नाही, नुसतं बघूनच त्यांना कळलं. दार उघडलं तशी मी पोरीला घट्ट धरून बाहेर आले आणि मुग्धाला म्हटलं, "रडू नको गं. हिला ऐकू येत नाही तर नाही. आपण तिला ओठांवरून बोलायला शिकवू. मला येतं. मी शिकवते. हिला काही कमी पडू देणार नाही मी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुग्धाचं रडणं थांबलं. योगी भिंतीकडे वळला.

रम्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझा हात धरला आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अम्मा, पापूला सगळं ऐकू आलं. दोन्ही कानांनी. अगदी बारीक आवाजसुद्धा. शेवटी मी तुमचं नाव घेऊन हाक मारली, महानंदम्मा म्हणून. पापू वळली. तुम्ही नाही."

मी म्हटलं, "तुम्हीच तर वळायचं नाही म्हणून सांगितलंत."

कुणी हसलं नाही. मग मला विचारावं लागलं, "हाक मारलीत? कधी?"

पुढचं लिहायला आज जमणार नाही. पापूला ऐकू येतं. ते एकच वाक्य आज पुरे. पापूला ऐकू येतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आधी राग होता. रम्यानं त्याच दिवशी मलाही खुर्चीत बसवून तपासलं होतं. माझे कान जाड आवाज घेतात, बारीक आवाज त्यांनी सोडून दिलेत. प्रेसनं खाल्ले, हळूहळू, मला न कळता. मोठ्यानं, समोर तोंड करून बोलणारं माणूस मला ऐकू येतं, त्यातलं अर्धं मी ओठांवरून उचलते. माझं मलाच माहीत नव्हतं.

आज सकाळी ही वही पहिल्या पानापासून वाचली. कुकर शिट्टी देत नाही. नागराज पुटपुटतो. नटांना घसा नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ते अंगण बेंगळूरएवढं! वाचता वाचता हसले. मग नऊ सप्टेंबरचं पान आलं आणि हसणं थांबलं.

पापू आईच्या चाहुलीनं रडायला लागली नव्हती. आधीपासून रडत होती. कितीतरी वेळ. इतकी की वरच्या आजी जिना उतरून आल्या, बेल वाजवत राहिल्या. आणि भिंतीपलीकडे मी पोळ्या फुगवत होते.

मी मुग्धाच्या खोलीत गेले. म्हटलं, "त्या दिवशी ती किती रडली?"

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग माझ्यासमोर बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणलं. "अक्का, तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही तव्यासकट धावला असतात. मला तेव्हाच कळलं. पण तुम्हाला कसं सांगायचं तेच कळेना. तुमच्या भावाचं तर धाडसच होईना."

"म्हणून बाल्कनीत कुजबुजत होतात."

"कुठली कुजबुज? आम्ही नेहमीच्याच आवाजात बोलत होतो. अक्का, या घरात कुणी कधी कुजबुजलंच नाही. आम्ही सहा महिने नुसते ओरडतोय."

तिनं पापूला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग स्वतः उठून आंघोळीला गेली. दार ओढून घेतलं नाही, एवढंच. पोर माझ्याकडे एकटी होती. मी पापणी न मिटता तिच्याकडे बघत बसले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. ओवाळल्यावर योगीनं तबकात एक छोटी डबी ठेवली. मला वाटलं कानातल्या कुड्या. निघाली कानातलीच, पण मशिनं, दोन, शेंगदाण्याएवढी. मी म्हटलं, "म्हातारी झाले म्हणून जाहीर करतोस काय रे?" तो म्हणाला, "डोळ्यांना चष्मा लावलास तेव्हा म्हातारी झालीस का?" हा शिकलेला मुलगा माझाच, म्हणून उलट बोलता आलं नाही.

मागच्या आठवड्यात रम्याला विचारलं होतं, नेमकं काय गेलंय माझं? तिनं छान सांगितलं. कुजबुजताना माणूस घसा वापरत नाही, नुसता वारा सोडतो. स, श, फ, क, असे वाऱ्याचे आवाज. तेच माझ्या कानांनी सोडून दिलेत. म्हणजे चिठ्ठी निघाली तेव्हा या शहरात ज्या एका गोष्टीचा मला पत्ता नव्हता, तीच मला बोलायला मिळाली होती. पद्माकररावांना सांगितलं पाहिजे की शब्द संस्कृतातून आला असो की कुठून, आत फक्त वारा आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

नवी तक्रार: हल्ली सगळे ओरडतात. काल कन्नड राज्योत्सवाचे कर्णे सुरू झाले तेव्हा मी मशिनं काढून डबीत ठेवली. कुकर तर किंचाळतो. त्याची मी मनातून माफी मागितली. पण त्याबरोबर बाकीचंही आलं. माझ्या बांगड्या वाजतात. कढीपत्ता देठावरून ओरपताना आवाज होतो. पापू झोपेत नाकानं बारीक शीळ घालते, हे या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

आज कट्ट्यावर बोलले. कूजन सांगितलं, गुजुगुजु सांगितलं, कानमंत्र आणि कान फुंकणं सांगितलं. मग वही उघडून ऑगस्टची पानं जशीच्या तशी वाचली. आधी सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या, मग सोनमनं डोळे पुसले. मी म्हटलं, "कुजबुजीबद्दल मला एवढंच कळलंय. आपल्याला ऐकू आली नाही की ती आपल्याबद्दलच असते असं वाटतं. आणि ती बहुधा आपल्या काळजीची असते." नीलिमा टाळ्या वाजवत उठली. खरं तर गुणी पोरगी आहे ती.

ठकुबाईला फोनवर सगळं सांगितलं. "मला काय झालंय!" ती ओरडली. "मला चांगलं ऐकू येतंय!" आता स्पीकर चालू न करताही मला कळतं की फोन कानापासून लांब धरावा. तिला मंगळवारी रम्याकडे नेणार आहे. बारशाची साडी घ्यायला जायचंय असं सांगून.

९ नोव्हेंबर, रविवार

बारसं झालं.

पाळणा शेवंतीनं सजवला होता. पुण्याहून मुग्धाची आई आली, कट्ट्यावरच्या सगळ्या आल्या, वरच्या आजीही आल्या. ठकुबाई नवी मशिनं घालून आली आणि दर मिनिटाला "हळू बोला गं!" म्हणून सगळ्यांना दटावत होती.

नाव मला माहीत नव्हतं. आईबाप ठरवतात, आत्याच्या कानात सांगतात, आत्या बाळाच्या कानात सांगते, अशी आमची रीत. माझ्या घशाची ख्याती अशी की सकाळपासून सगळ्यांची थट्टा चालली होती. योगी म्हणाला, "अक्का नाव सांगेल आणि शहराच्या पार पलीकडे के. आर. पुरमपर्यंत बारसं होईल." मी हसले, पण मनातून धास्तावले होते. मला हळू बोलता येतं का? आजवर आपला आवाज कसा आहे हे तरी कुठे ठाऊक होतं?

मी पाळण्यापाशी वाकले. मुग्धा मागे येऊन उभी राहिली. मला वाटलं ती समोर येईल, तिचे ओठ दिसतील. ती आली नाही. मागूनच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी वाकली. तिचा श्वास लागला. आणि वारा शब्द होऊन आत आला.

शमिका.

मला ऐकू आलं. तोंड न बघता, मागून, हळू सांगितलेलं नाव मला अख्खं ऐकू आलं. शेवटचं कुणी माझ्या कानात असं काही सांगितलं ते आठवत नाही, आईनंच सांगितलं असेल. डोळे भरून आले, पाळणा दिसेना. बायका हसू की रडू अशा उभ्या होत्या.

मग मी पापूच्या उजव्या कानाशी ओठ नेले. घसा बाजूला ठेवला, जसा प्रेसवर ठेवायचे तसा, आणि नुसत्या वाऱ्यानं म्हटलं, कुर्रर्र, शमिका. डाव्या कानाशीही तेच. पोरीनं डोळे मोठे केले, मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे न बघता हसली.

माझ्या पाठीवर धपाधप थापा पडायला लागल्या, तशी रीतच आहे. आणि त्या गडबडीत सोनम म्हणाली, "अहो ताई, नाव काय ठेवलंत?" वरच्या आजी कानाशी हात धरून म्हणाल्या, "केळ्सलिल्ल!" नीलिमा म्हणाली, "आम्हाला काहीच कळलं नाही." शेवटी ठकुबाई सगळ्यांना ढकलत पुढे आली, दोन्ही कानांवर हात ठेवून मशिनं तपासली आणि म्हणाली, "नंदे, ऐकू आलं नाही गं!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला असं म्हणालं. मी पदरानं डोळे पुसले, सगळ्यांना जरा वेळ तसंच ताटकळत ठेवलं, आणि मग गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात नाव सांगितलं.